इम्प्लांट वर की खाली, आणि लिफ्ट घ्यायची की नाही: माझं कसं ठरलं

ब्रेस्ट इम्प्लांटचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, किती सीसी (म्हणजे इम्प्लांट किती मोठं, एक सीसी म्हणजे एक मिली)? मैत्रिणी तेच विचारतात, क्लिनिकच्या वेटिंगमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई पण तेच विचारते, आणि इन्स्टावरच्या रील्समध्ये तर सीसीशिवाय दुसरं काही नसतंच. माझं मत एकदम उलटं आहे. सीसी हा सगळ्यात शेवटी ठरवायचा आकडा. आधी बघायचं लिफ्टची, म्हणजे जास्तीची कातडी काढून ओघळलेली छाती वर उचलायच्या ऑपरेशनची, गरज आहे का, मग इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर बसणार की खाली, आणि ह्या दोन्हीची उत्तरं आपल्या हौसेपेक्षा आपल्या अंगात जास्त असतात, म्हणजे कातडी किती सैल झालीय, वरच्या भागात मांस किती उरलंय, निपल कुठवर आलंय वगैरे. मराठीत ह्यावर कुणी मोकळेपणाने लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

थोडं माझ्याबद्दल. पुण्यात राहते, वय ४१, दोन मुलं, दोघांनाही अंगावर पाजलंय, दुसऱ्याच्या वेळी वजन भरपूर वाढलं आणि मग मी ते हट्टाने उतरवलं, आणि उतरताना ते सगळ्यात आधी छातीवरूनच उतरलं. मला कुणी काही बोललं नव्हतं, नवऱ्याला तर काही फरक पडत नव्हता, पण ब्लाउज शिवायला टाकायला गेले की आमच्या टेलर ताई टेप लावायच्या, थांबायच्या आणि विचारायच्या, टक्स आता कुठे घेऊ? कारण कटोरी जिथे बसायला हवी तिथे भरायला काही नव्हतं आणि जिथे काही होतं तिथे कटोरी जात नव्हती. पॅडवाले ब्लाउज झाले, पुशअप ब्रा झाल्या, उन्हाळ्यात त्या पॅडखाली घामोळं पण येऊन झालं. मग म्हटलं पैसे माझे, अंग माझं, निदान माहिती तरी काढू. (खरं नाव मुद्दाम देत नाहीये, सासरची मंडळी फेसबुकवर फार जोरात आहेत.)

तर सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे इम्प्लांट घातलं की ओघळलेली छाती आपोआप वर जाते. नाही जात. इम्प्लांट जागा भरतं, उचलत नाही. अगदी किंचित ओघळलेलं असेल तर भरल्यामुळे वर गेल्यासारखं दिसतं, पण त्याच्या पुढे गेलेल्या कातडीत इम्प्लांट घालणं म्हणजे सैल पडलेल्या कापडी पिशवीत नारळ टाकणं, पिशवी भरलेली दिसते खरी पण लोंबायची ती लोंबतेच, उलट वजनाने अजून खाली.

किती ओघळलंय हे बघायची एक साधी पद्धत आहे, रेन्यो नावाच्या प्लॅस्टिक सर्जननी १९७६ साली मांडलेली, डॉक्टर लोक आजही तीच भाषा बोलतात. ब्रा न घालता आरशासमोर कडेने उभं राहायचं आणि छातीखाली जी घडी पडते, म्हणजे जिथे ब्राची तार बसते ती, तिच्या मानाने निपल कुठे आहे ते बघायचं. घडीच्या लेव्हलला असेल तर पहिली ग्रेड. घडीच्या खाली गेलंय पण अजून समोर बघतंय, छातीचा सगळ्यात खालचा भाग त्याच्याही खाली आहे, तर दुसरी. आणि निपल एकदम तळाला, तोंड जमिनीकडे, तर तिसरी. शिवाय एक फसवा प्रकार असतो, निपल घडीच्या वरच असतं पण खालचं मांस घडीवरून लोंबतं, त्याला स्यूडोटोसिस म्हणतात, आणि अशा बाईचं कित्येकदा नुसत्या इम्प्लांटवर भागतं, लिफ्ट लागत नाही. म्हणजे दोघी मैत्रिणी लांबून बघितलं तर सारख्याच ओघळलेल्या दिसतील, पण एकीला लिफ्ट लागेल आणि दुसरीला नाही. म्हणून मैत्रिणीने काय केलं ते आपल्याला लागू होईलच असं नाही.

क्लिनिकमध्ये अजून बरीच मोजामोज होते. गळ्याखालच्या खळगीपासून निपलपर्यंत (पुस्तकातला आकडा १९ ते २१ सेंटीमीटर असतो, पण उंच बाईचं जास्त भरणारच, टेन्शन घेऊ नका), निपलपासून घडीपर्यंत, छातीची रुंदी, कातडी पुढे ओढली तर किती ताणते ते, आणि दोन्ही बाजूंतला फरक. दोन्ही बाजू अगदी सारख्या कुणाच्याच नसतात. माझी डावी बाजू उजवीपेक्षा चांगलीच खाली आहे हे मला तिथे पहिल्यांदा कळलं, इतकी वर्षं स्वतःला आरशात बघूनसुद्धा. आणि माझी ग्रेड निघाली दुसरी, म्हणजे लिफ्टशिवाय नुसतं इम्प्लांट हा पर्याय माझ्यापुरता तिथेच संपला.

संपला असं मी म्हणतेय, पण सगळे डॉक्टर असं म्हणत नाहीत. एका ठिकाणी मला सांगितलं की लिफ्ट कशाला, व्रण कशाला, ४०० चं घालू स्नायूच्या वर, सगळं भरून निघेल. मी तिथून उठले कारण नेमका हाच सल्ला माझ्या मावसबहिणीला मिळाला होता. (तिला विचारून लिहितेय.) नाशिकला असते, तिचीही ग्रेड दुसरीच, तिला व्रण अजिबात नको होते, मग मोठं इम्प्लांट, स्नायूच्या वर, लिफ्ट नाही. पहिल्या वर्षी खरंच छान दिसत होतं, घरच्या एका लग्नातले फोटो आहेत माझ्याकडे. मग त्या वजनाने आधीच सैल असलेली कातडी अजून ताणली, आता इम्प्लांट खाली आणि वरचा भाग परत रिकामा, पुढे वाकली की इम्प्लांटच्या सुरकुत्या कातडीतून दिसतात, त्याला रिपलिंग म्हणतात, आणि बाजूने इम्प्लांटची कड बोटाला लागते. आता तिला दुरुस्ती करायची आहे आणि त्यात लिफ्ट येतेच, म्हणजे ज्या व्रणांना घाबरून एवढं केलं ते व्रण येणारच, वर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च.

आता वर की खाली ह्याकडे येऊ, इथेच लोकांचा सगळ्यात गोंधळ होतो. आपल्या स्तनाच्या मागे पेक्टोरॅलिस मेजर नावाचा मोठा पसरट स्नायू असतो, हात पुढे आणि आत ओढायचं काम करणारा, आणि त्याच्या मागे बरगड्या. इम्प्लांट त्या स्नायूच्या पुढे आणि स्तनाच्या ग्रंथीच्या मागे ठेवलं की त्याला सबग्लँड्युलर म्हणतात, बोलीभाषेत स्नायूच्या वर. स्नायूवर फेशिया नावाचा पातळ पण चिवट पडदा असतो, तो उचलून त्याच्या आत ठेवलं की सबफेशियल. आणि स्नायू उचलून त्याच्या मागे ठेवलं की सबमस्क्युलर, म्हणजे स्नायूखाली. पण आजकाल स्नायूखाली म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते ड्युअल प्लेन असतं, वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली. टेबेट्स नावाच्या अमेरिकन सर्जनने २००१ साली हे नीट मांडलं. स्नायूची खालची कड बरगड्यांपासून सोडवतात आणि वरची ग्रंथी स्नायूपासून किती सुटी करायची त्यावरून त्याचे १, २, ३ असे प्रकार पडतात, ओघळ जास्त तितकी ग्रंथी जास्त सुटी.

कोणाला काय हे ठरवायची पहिली चाचणी इतकी साधी आहे की मला हसूच आलं. स्तनाच्या वरच्या भागातली कातडी आणि मांस चिमटीत धरायचं आणि जाडी मोजायची. २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांटवर पांघरूण म्हणून स्नायू हवाच, नाहीतर कड दिसणार, सुरकुत्या दिसणार. जास्त भरली तर वरचा पर्याय उघडा आहे. माझी चिमूट २ च्या आतच. वजन उतरवलेल्या बायकांचं बहुतेक असंच होतं, जिथून जायला नको तिथूनच आधी जातं.

वरच्या जागेचे फायदे नाहीत असं नाही हं. स्नायूला हात लावत नाहीत त्यामुळे दुखणं कमी, उठून कामाला लागणं लवकर, आणि हात हलवला म्हणून इम्प्लांट हलत नाही. माझी एक मैत्रीण जिममध्ये वजनं उचलते, अंगाने भरलेली आहे, तिच्यासाठी स्नायूच्या वरच बरोबर होतं आणि ती खूश आहे. पण त्या जागेत इम्प्लांटभोवती घट्ट कवच बनायचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणजे शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती एक पातळ पिशवी बनवतंच, ते नॉर्मल आहे, पण ती कधीकधी आवळत जाते, मग छाती कडक लागते, आकार बिघडतो, दुखतं. ह्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि बेकरच्या ग्रेड असतात १ ते ४, पहिलीत काही जाणवत नाही, चौथीत दुखतं. शिवाय मॅमोग्राफीत स्नायूखालच्या इम्प्लांटपेक्षा वरचं इम्प्लांट जास्त आड येतं. माझ्या सख्ख्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता.

खालच्या जागेची कटकट वेगळी. नमस्कार करतो तसे तळवे जोडून जोरात दाबले की स्नायू आवळतो आणि खालचं इम्प्लांट दाबलं जाऊन वर किंवा बाहेर सरकताना दिसतं, कधी वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसते. अॅनिमेशन डिफॉर्मिटी म्हणतात त्याला. स्वयंपाकघरात काही कळत नाही, पण मी सकाळी सूर्यनमस्कार घालते आणि अष्टांग नमस्कारात नेमका हाच स्नायू कामाला लागतो, तर मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं की माझं काय होणार. त्यांनी सांगितलं थोडं हलेल, ड्युअल प्लेनमध्ये पूर्ण स्नायूखालच्यापेक्षा कमी, पण हलणार नाही असं मी लिहून देणार नाही. मला हे उत्तर आवडलं. जो डॉक्टर काहीच होणार नाही म्हणतो त्याची मला जास्त भीती वाटते.

आणि अजून एक गोष्ट जी वर की खाली एवढाच प्रश्न विचारणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. ओघळ आहे, लिफ्ट नको आहे, आणि इम्प्लांट स्नायूखाली घातलं, तर स्नायू इम्प्लांटला वर धरून ठेवतो आणि सैल ग्रंथी त्याच्यावरून घसरून खाली येते. वर एक फुगवटा आणि खाली एक लोंबता भाग. ह्याला वॉटरफॉल डिफॉर्मिटी असं नाव आहे. म्हणजे वर घातलं तरी ओघळ वाढतो आणि खाली घातलं तरी असं दिसतं. मला तर हे कळल्यावर वर की खाली ह्या भांडणातली अर्धी हवाच गेली, कारण ओघळ असेल तर मुख्य उत्तर लिफ्टच आहे, जागा त्याच्यानंतर.

लिफ्टसोबत इम्प्लांट करताना स्नायूखाली ठेवायचं अजून एक कारण रक्तपुरवठ्याचं. निपलला रक्त वेगवेगळ्या वाटांनी येतं, काही कातडीतून, काही ग्रंथीतून, आणि काही शिरा मागून स्नायूतून वर येतात. लिफ्टमध्ये पुढून कातडी कापतात, आणि इम्प्लांट ग्रंथी आणि स्नायूच्या मधे घातलं की मागूनची वाटही तुटते. दोन्हीकडून ताण पडला की निपलचा भाग काळा पडायचा धोका. नेहमी होतं असं नाही, पण होऊ शकतं, आणि तंबाखू घेणाऱ्यांमध्ये हा धोका फार वाढतो. इथे एक मजेशीर पण महत्त्वाची गोष्ट. डॉक्टरांनी मला सिगरेट विचारली, मी नाही म्हटलं, मग लगेच विचारलं, मशेरी लावता का? मी हसले, तर म्हणाले हसू नका, कित्येक बायका तंबाखू नाही म्हणतात आणि मशेरी रोज दोनदा लावतात, कारण त्यांच्या हिशोबात ती दात घासायची वस्तू. निकोटिन ते निकोटिनच, रक्तवाहिन्या आवळतंच. ऑपरेशनच्या आधी कमीत कमी चार आठवडे आणि नंतरही तेवढंच सगळं बंद. कुणी वाचत असेल आणि लावत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका बायांनो.

आता व्रणांचं. लिफ्टचे प्रकार म्हणजे खरं तर व्रण कुठे आणि किती ह्याचे प्रकार. सगळ्यात छोटी क्रेसेंट, निपलच्या वरच्या कडेला चंद्रकोरीएवढी कातडी काढतात, फार थोडं वर जातं, माझ्या मते जवळपास हौसेपुरतीच. मग निपलभोवती गोल, डोनट म्हणतात, बेनेली नावाच्या सर्जनने १९९० मध्ये आतून गोल टाका घालून आवळायची पद्धत सांगितली. व्रण फक्त काळ्या वर्तुळाच्या कडेला, त्यामुळे सगळ्यांना हीच हवी असते. पण जास्त ओघळावर ही केली तर छाती समोरून चपटी होते, वर्तुळ पसरतं आणि कडेला चुण्या राहतात. मग व्हर्टिकल, लॉलीपॉप, निपलभोवती गोल आणि तिथून खाली घडीपर्यंत एक उभी रेघ. आणि शेवटी अँकर, उलटा टी, उभ्या रेघेला खाली घडीत एक आडवी रेघ, ज्यांची कातडी फारच जास्त आहे किंवा ग्रेड तिसरी आहे त्यांना. हिला वाइज पॅटर्न म्हणतात, १९५६ सालापासूनची आहे, स्तन लहान करायच्या ऑपरेशनमध्ये पण हीच.

मला मनापासून डोनट हवी होती, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरांनी मार्करने माझ्यावरच आखून दाखवलं की गोलातून एवढी कातडी काढली तर वर्तुळ केवढं ताणेल, आणि ते बघितल्यावर मी स्वतःच म्हटलं की लॉलीपॉप करू. एक फायदा असा की इम्प्लांट त्याच उभ्या चिरेतून आत जातं, वेगळी चीर लागत नाही. लिफ्ट नसेल तर इम्प्लांट घालायला घडीतली, निपलच्या कडेची किंवा काखेतली चीर असे पर्याय असतात, त्यात घडीतली सगळ्यात सरळ, तिथून डॉक्टरला नीट दिसतं आणि व्रण स्तनाखाली लपतो.

व्रणांबाबत आपल्याकडच्या बायकांनी एक गोष्ट आधी तपासावी, केलॉइडची, म्हणजे व्रण उचलून गाठीसारखा वाढतो त्याची. आपल्या सावळ्या कातडीला व्रण जाड आणि गडद व्हायची सवय गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असते. कान टोचल्यावर गाठ आली होती का, सिझेरियनचा व्रण उचलून आलाय का, आई-बहिणीला असं होतं का, हे डॉक्टरांना सांगा. माझा सिझेरियनचा व्रण पातळ पांढरी रेघ झालाय, त्यामुळे मला धीर आला. परदेशातले आफ्टर फोटो बघून आपला व्रण कसा दिसेल ह्याचा अंदाज बांधू नका, आपल्या रंगाच्या पेशंटचे फोटो दाखवा म्हणावं, आणि एक वर्षानंतरचे. दोन महिन्यांचे फोटो सगळ्यांचेच लालभडक असतात.

मग प्रश्न, लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी की दोन वेळा? ह्यावर माझ्या डोक्याचा सगळ्यात जास्त भुगा झाला. लिफ्ट कातडी कमी करून आवळते आणि इम्प्लांट आतून ताणतं, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, त्यामुळे एकत्र केलं की अंदाज चुकायची आणि नंतर दुरुस्ती लागायची शक्यता एकेकट्या ऑपरेशनपेक्षा जास्त. दोनदा करायचं तर आधी लिफ्ट, मग काही महिने थांबून इम्प्लांट, किंवा ते नकोच वाटलं तर तिथेच थांबायचं. हा शेवटचा पर्याय मला फार पटला होता, कारण नुसत्या लिफ्टने आपलं आहे ते वर येतं आणि आत परकी वस्तू काही नाही. ज्यांच्याकडे मांस बऱ्यापैकी आहे आणि फक्त खाली आलंय त्यांनी इम्प्लांटचा विचार सोडून नुसती लिफ्ट करावी असं मी कुणालाही सांगेन. पण लिफ्टने वरचा भाग फारसा भरत नाही, आणि माझ्याकडे वर उचलायला होतंच काय. दोन डॉक्टरांची मतं दोन दिशांना होती, एक म्हणाले दोनदा करा, दुसरे म्हणाले तुमची ग्रेड दुसरी आहे, कातडी फार नाही काढायची, इम्प्लांट छोटं घेणार असाल तर एकदाच होईल, मोठं हवं असेल तर मी पण दोनदा म्हणेन. छोटं घ्यायला मी तयार होते. झालं, ड्युअल प्लेन, व्हर्टिकल लिफ्ट, एकाच वेळी.

आता कुठे सीसी. ते इतक्या पटकन ठरलं की मलाच नवल वाटलं, कारण छातीची रुंदी मोजलेली असते आणि इम्प्लांटचा व्यास त्याच्या बाहेर जाऊन चालत नाही, कातडीला झेपेल त्याहून जास्त वजन द्यायचं नाही, मग हातात तीन-चारच आकडे उरतात. घरी मी मोजायच्या कपाने तांदूळ मोजून मोज्यात भरून ब्रामध्ये घालून बघितलं होतं, एक कप म्हणजे साधारण २४० मिली, आणि नवरा ऑफिसातून लवकर आला तेव्हा मी ते तांदूळ घालून कणीक मळत होते, तो चेहरा मी विसरणार नाही. आम्ही २४० च्या आसपासचं घेतलं. गोल, गुळगुळीत, सिलिकॉन जेलचं.

गुळगुळीत का, तर त्याचं कारण ह्या इम्प्लांटच्या इतिहासात आहे. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं. मग तक्रारी वाढल्या, १९९२ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सिलिकॉनवर जवळपास बंदी घातली, आणि २००६ मध्ये पुन्हा परवानगी दिली. त्यानंतर खरबरीत पृष्ठभागाच्या, म्हणजे टेक्स्चर्ड इम्प्लांटचा संबंध एका दुर्मिळ कॅन्सरशी जोडला गेला, बीआयए-एएलसीएल म्हणतात, तो स्तनाचा कॅन्सर नाही, इम्प्लांटभोवतीच्या कवचात होणारा लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कॅन्सर आहे. २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाची टेक्स्चर्ड इम्प्लांट जगभरातून परत मागवली. २०२१ मध्ये एफडीएने सगळ्या ब्रेस्ट इम्प्लांटवर ठळक इशारा आणि पेशंटसाठी एक चेकलिस्ट बंधनकारक केली. ती चेकलिस्ट आपल्याकडे लागू नाही, पण नेटवर आहे, काढून वाचा, प्रत्येक मुद्द्यावर सही करायची असते म्हणजे घाईत होकार देता येत नाही. मी ती प्रिंट काढून डॉक्टरांसमोर ठेवली आणि ते चिडले नाहीत, हे पण मी त्यांच्या बाजूने मोजलं.

डॉक्टर निवडताना मी एवढंच बघितलं की प्लॅस्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का. नुसतं कॉस्मेटिक किंवा अॅस्थेटिक असं बोर्डवर कुणीही लिहितं. बाकी गोड बोलणं, भिंतीवरची सर्टिफिकेटं, हिरोईनसोबतचे फोटो, सगळं दुय्यम.

पैशांबद्दल लोक विचारतात म्हणून, आकडा सांगत नाही कारण शहर, हॉस्पिटल आणि इम्प्लांटच्या ब्रँडवर तो फार बदलतो, पण दोन गोष्टी कुणी आधी बोलत नाही. कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो कोटेशनमध्ये धरलाय का विचारा. आणि मेडिक्लेम ह्याला मिळत नाही, आणि पुढे जाऊन इम्प्लांट बदलायची वेळ आली तरी मिळेल ह्या भरवशावर राहू नका. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, वयाच्या तिशीत घालणाऱ्या बाईने पुढे निदान एक ऑपरेशन अजून होईल असंच धरून चालावं.

ऑपरेशननंतरचं थोडक्यात. सुरुवातीचे दिवस छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, स्नायूखाली असल्यामुळे. हात वर जात नाही, वेणी मुलीने घालून दिली, उशांचा ढीग करून अर्धवट बसून झोपायचं, कुकर ओट्यावरून उचलायचा नाही, पाण्याची बादली नाही, स्कूटी नाही. सासूबाईंना मी गाठ काढली असं सांगितलं होतं आणि त्या बिचाऱ्या रोज डिंकाचा लाडू देत होत्या, त्याबद्दल मात्र मला अजून अपराधी वाटतं. आईला खरं सांगितलं. आई दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, दुखतंय का? बास, पुढे एक शब्द नाही.

सुरुवातीला इम्प्लांट खूप वर आणि टणक दिसतात, चेहरा पाडून बसू नका, स्नायू सैल व्हायला आणि खाली बसायला तीन ते सहा महिने जातात. माझी डावी बाजू उजवीच्या नंतर खाली बसली. व्रणांवर मायक्रोपोअरची चिकटपट्टी, मग सिलिकॉन जेल, आणि ते अजून गुलाबी आहेत. अष्टांग नमस्कारात थोडं हलतं, डॉक्टर म्हणाले होते तेवढंच, आणि ते फक्त मला दिसतं. टेलर ताईंनी टक्स न विचारता घेतले.

इम्प्लांटचं कार्ड मिळतं, त्यावर ब्रँड, साइज, सिरियल नंबर असतो, ते जपून ठेवा, फोटो काढून स्वतःला मेल करा. मॅमोग्राफीला गेलात तर आधीच सांगा इम्प्लांट आहे आणि स्नायूखाली आहे, कारण इम्प्लांट मागे सारून वेगळे फोटो घ्यावे लागतात. सिलिकॉनचं इम्प्लांट आत फाटलं तर बाहेरून कळतच नाही पुष्कळदा, म्हणून काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असं एफडीए सांगते.

मावसबहिणीचं अजून ठरत नाहीये. एक पर्याय, मोठी इम्प्लांट काढून लहान, ड्युअल प्लेनमध्ये, लिफ्टसकट. दुसरा, इम्प्लांट काढूनच टाकायची आणि आहे त्या मांसाची नुसती लिफ्ट, कारण इतकी वर्षं दाब पडून ग्रंथी पातळ झालीय आणि कातडीवर आता परत वजन टाकायला तिच्या डॉक्टरांना धीर होत नाही. त्यांनी तिला तिसरं पण सुचवलंय, आधी फक्त काढू, काही महिने कातडी आवळू दे, मग बघू काय लागतंय. ती मला रोज रात्री फोन करून तू काय केलं असतंस विचारते, मी सांगते मी तिसरं केलं असतं, आणि ती म्हणते पण मधले काही महिने मी दिसणार कशी. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दिवाळीनंतरची तारीख घेऊन ठेवलीय तिने, काय करायचं तो रकाना डॉक्टरांनी तूर्तास कोरा सोडलाय.